दादरला मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे. माझा चेहरा गोल आहे, मेकअप कसा करू?

कंटूर (सावलीचा भास देणारी गडद छटा) गालाच्या हाडाखाली, कानापासून ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका लावा. डोळ्याच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेपुढे, नाकाकडे आणू नका. छटा त्वचेपेक्षा एक-दोनच गडद, लालसर मुळीच नको. लालसर ब्रॉन्झर (त्वचेला उन्हाची झाक देणारी पावडर) सावलीसारखा दिसत नाही, गाल भाजल्यासारखे दिसतात. ब्लश (गालाची लाली) हाडावरून कानशिलाकडे वर ओढा. (चेहरा लांबट असता तर आडवा लावायला सांगितलं असतं.)

नथ घालणार असाल तर नाकाच्या कंटूरवर वेळ घालवू नका, सगळ्यांची नजर नथीवरच जाते. टिकली मात्र उभट निवडा, गोल चेहऱ्यावर तिचा फरक लगेच कळतो.

मुंबईच्या मे महिन्यातल्या घामात जाड थर ओघळतात. क्रीम पातळ लावा, वर पावडर दाबून बसवा. आणि आदल्या दिवशी खिडकीजवळच्या उजेडात एकदा करून बघा.