बटण दाबायला डिग्री कशाला?

प्रश्न : मुलीनं दोनदा नीट दिली, सरकारी कॉलेजपुरते गुण पडले नाहीत. तिसऱ्यांदा बसायला नकार देते. मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) कॅल्शियमचे कण दिसले म्हणून माझ्या बहिणीची स्तनाची बायोप्सी (सुईनं तुकडे काढून तपासणी) झाली, तेव्हापासून हिचं एकच, बीएस्सी करून इमेजिंग टेक्नॉलॉजिस्ट (एक्स-रेसारखी यंत्रं चालवणारी तंत्रज्ञ) व्हायचं. बटण दाबायला डिग्री कशाला? नातेवाइकांना काय सांगू? हल्ली जेवायलाही खोलीबाहेर येत नाही. तिला समजवा. – एक वडील, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : ‘जेवायलाही खोलीबाहेर येत नाही’ हे तुम्ही नातेवाइकांच्या नंतर लिहिलंत. मी तिथंच थांबले. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी ताटावर यायला घाबरते, कारण ताटावर नीटचा विषय निघतो. तिला काय समजावू? समजून तुम्हालाच घ्यायचं आहे.

आता ते बटण. कॅल्शियमचे ते कण हाताला लागत नाहीत, सोनोग्राफीतही बहुतेकदा दिसत नाहीत. मग सुई न्यायची कुठे? स्तन मॅमोग्राफीच्या यंत्रात दाबून धरतात, दोन वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे घेतात आणि दोन्हींतल्या फरकावरून कण किती खोल आहेत ते संगणक काढतो. बाई जराशी हलली तरी तो हिशेब चुकतो. भूल तेवढ्याच जागेपुरती, म्हणजे ती पूर्ण शुद्धीवर आणि घाबरलेली. तिला नीट बसवणं किंवा झोपवणं, दाब बरोबर देणं, बोलत बोलत स्थिर ठेवणं हे टेक्नॉलॉजिस्टचं काम. काढलेल्या तुकड्यांचाही एक्स-रे काढतात, त्यात कण आलेत ना हे पाहायला. आले नसतील तर ‘कॅन्सर नाही’ या रिपोर्टवरही विसंबता येत नाही. बहिणीला विचारा, त्या खोलीत तिला धीर कोणी दिला.

मुलीलाही एक स्पष्ट सांगते. सुई रेडिओलॉजिस्टच्या, म्हणजे या तपासण्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरच्या हातात असते. सोनोग्राफीत दिसणाऱ्या गाठीची बायोप्सी सोनोग्राफीवर बघतच करतात आणि तिथं प्रोबही (अंगावर फिरवायचं उपकरण) डॉक्टरच धरतात. आपल्याकडे टेक्नॉलॉजिस्टला स्वतंत्रपणे सोनोग्राफी करता येत नाही. तिला सुईच चालवायची असेल तर नीट, एमबीबीएस, नीट-पीजी आणि पुढं रेडिओलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण, याला पर्याय नाही. त्या बाईजवळ उभं राहायचं असेल तर बीएस्सी योग्य आहे. यातलं काय हवंय, ते तिनं ठरवायचं.

बीएस्सी तीन वर्षांची, शिवाय इंटर्नशिप. कॉलेजला जोडलेलं चालतं रुग्णालय आहे का आणि विद्यार्थ्यांना मॅमोग्राफीच्या खोलीत प्रत्यक्ष उभं करतात का, हे प्रवेशाआधी जाऊन पाहा. नुसत्या माहितीपत्रकावर जाऊ नका. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही तिला आधीच माहीत असू द्या.

क्लासची तिसऱ्या वर्षाची फी अजून भरली नसेल तर तूर्त थांबा. आज रात्री तिला जेवायला हाक मारा आणि परीक्षेचं नाव काढू नका.