'स्विस फॅमिली रॉबिन्सन' (1960) आज पुन्हा काढला तर त्यात काय सुधारता येईल?

आधी त्या कुटुंबाला जरा उपाशी ठेवा! डिस्नेच्या या सिनेमात जहाज फुटतं खरं, पण त्यातूनच सगळं सामान मिळतं आणि बघता बघता झाडावर टुमदार घर उभं. वर वाहतं पाणीसुद्धा! गोड्या पाण्यासाठी वणवण, ओली लाकडं पेटेनात, पायाची जखम चिघळली, असलं काही दाखवा की. एकाच बेटावर वाघ, झेब्रा, हत्ती आणि शहामृग हेही अतीच. (प्राण्यांची शर्यत मात्र ठेवा, पोरं त्यासाठीच बघतात.) आईच्या वाट्याला बहुतेक काळजीच आलीय, एखादा मोठा निर्णय तिला घेऊ द्या. शेवटची चाच्यांशी लढाई निम्मी कापली तरी चालेल, नारळाचे बॉम्ब तेवढे राहू देत.