सोलापूरच्या मजुरीचा अभ्यास करताय?

सरासरी काढून लगेच आलेख मांडू नका. विडी वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांमागे पैसे मिळतात, आणि रोज हजार पुऱ्या होतीलच असं नाही. कारखान्यातून पानं-तंबाखू किती मिळाली त्यावर बरंच ठरतं. म्हणून दर वेगळा लिहा, आठवड्याला हातात पडलेली रक्कम वेगळी. टॉवेल-चादरीच्या यंत्रमागांवरही बऱ्याच ठिकाणी असंच, नगावर. भविष्य निर्वाह निधीचे आकडे सहज मिळतात, म्हणूनच सगळे तेच वापरतात. त्यात लहान शेड दिसतच नाहीत. किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार ठरणारा भाग, जानेवारी-जुलैत बदलतो, त्यामुळे जूनची तुलना जूनशीच करा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत जरूर फिरा, पण मालकासमोर कामगाराला पगार विचारू नका. पाळी सुटल्यावर विचारा.