पेनकिलर आणि लिव्हर : तुमचे प्रश्न, माझी उत्तरे

ओपीडीत आणि पत्रांत सध्या एकच धास्ती ऐकू येते : ‘दुखण्याच्या गोळ्या घेऊन घेऊन लिव्हर सडते म्हणतात, खरं का?’ काही जणांनी भीतीपोटी गरजेची गोळी बंद केली आहे. काही जण गोळी टाळण्यासाठी त्याहून घातक गोष्टी घेत आहेत. म्हणून या वेळी याच विषयावरची पत्रे निवडली.

गुडघे दुखतात. दहा वर्षांपासून आठवड्याला दोन-तीन गोळ्या घेते. शेजारीण म्हणते, सिरोसिस होणार. (५८ वर्षे, मानेवाडा)

ताई, केवळ एवढ्या गोळ्यांमुळे सिरोसिस (लिव्हर कायमचे आकसून कडक होणे) होण्याची शक्यता फार कमी आहे. ‘किती वर्षे घेतली’ यावरून मला फारसे काही कळत नाही. कोणती गोळी, दिवसाला किती आणि तुमचे लिव्हर आधी कसे होते, हे कळले तर काही सांगता येते. पॅरासिटामॉलचा त्रास मात्रेवर अवलंबून असतो. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी लिव्हरला सूज येते ती थोड्याच लोकांना, बहुधा पहिल्या काही महिन्यांत, आणि गोळी थांबवली की बहुतेकांची उतरते. सहा महिन्यांनंतरही ती रेंगाळली, असे रुग्ण असतात, पण मोजके. या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर जठर आणि किडनीला धोका जास्त.

आपल्याकडे सिरोसिस होतो तो मुख्यतः दारू, मधुमेह आणि वजनामुळे होणारे फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस बी आणि सी यांमुळे. सगळा दोष गोळीवर टाकला की या तपासण्या राहून जातात, याचे मला खरे दुःख आहे. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी), साखर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिपॅटायटिस बी व सी आणि पोटाची सोनोग्राफी एवढे करून घ्या आणि रिपोर्ट आपल्या डॉक्टरांना दाखवा.

पॅरासिटामॉल दिवसाला किती चालते?

निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, रोजचा डोस नव्हे. रोज दारू पिणारे, अगदी कृश झालेले आणि लिव्हरचा आजार असलेले यांनी २ ग्रॅमच्या आत राहावे, तेही विचारूनच. गोळ्या मोजताना नेहमी एक चूक होते. कंबरेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या मिश्र गोळीत ३२५ मिलिग्रॅम असते, दोन घेतल्या. तापासाठी स्वतःहून ६५० च्या तीन घेतल्या. सर्दीच्या गोळीत ५०० असते, त्याही दोन. बेरीज ३,६०० झाली, आणि घरचे म्हणतात, ‘पॅरासिटामॉल तर तीनच घेतल्या.’ पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचा.

दुखऱ्या जागी लावायच्या जेलने लिव्हर बिघडते का?

सांगितले तेवढेच लावले तर सहसा नाही.

काटोलकडे एक जण सांधेदुखीची पुडी देतो. जडीबुटीची, साइड इफेक्ट नाही. वडिलांना दोन दिवसांत आराम पडला, भूक वाढली, अंगही भरले. चालू ठेवू का?

नाही. आणि यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण अशा पुड्यांचे रुग्ण माझ्यासमोर बसतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

दोन दिवसांत उतरलेली जुनी सांधेदुखी, वाढलेली भूक, भरलेला चेहरा : ही लक्षणे वाचली की मला पहिली शंका स्टिरॉइडची येते. बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि कुटलेले पेनकिलर सापडल्याची उदाहरणे अनेक आहेत. तुम्हाला तब्येत सुधारल्यासारखी वाटते, पण आत साखर आणि बीपी वाढत असते, हाडे ठिसूळ होत असतात, आणि हिपॅटायटिस बी शरीरात दबून असेल तर तो उसळू शकतो. शिवाय काही पुड्यांत शिसे-पारा निघतो. त्यात काय होते हे आम्हाला ठाऊक नसल्याने कावीळ झाल्यावर उपचारही चाचपडत करावे लागतात.

‘जडीबुटी म्हणजे निर्धोक’ हेही खरे नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांतील लिव्हरच्या इजेचे रुग्ण नोंदवले आहेत. माझा आक्षेप आयुर्वेदाला नाही. दुकानात मिळणाऱ्या आयुर्वेदिक औषधावरही घटक, बॅच क्रमांक आणि परवाना छापावा लागतो. ज्या पुडीवर यातले काहीच नाही, बिलही नाही, ती विकणाऱ्याला वडिलांच्या प्रकृतीची जबाबदारी घ्यायची नाही, एवढे समजून घ्या.

मात्र पुडी एका दिवसात फेकूनही देऊ नका. स्टिरॉइड अचानक तुटले तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकते. उरलेल्या पुड्या घेऊन वडिलांना याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या, आणि चक्कर, उलट्या किंवा फार अशक्तपणा असेल तर आजच न्या. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. करा.

यजमानांना सिरोसिस आहे. ‘पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट’ म्हणून मेडिकलवाल्याने कंबरेसाठी डायक्लोफिनॅक दिले. बरोबर ना?

अगदी उलटे. सिरोसिसमध्ये डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक टाळायचे असतात. किडनीचा रक्तपुरवठा घटतो, पोटातले पाणी वाढते, अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ शकतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर असतो, अंगातले पाणी आटते, त्यात लघवीच्या गोळ्या चालू. अशात दोन-चार दिवसांतही किडनी बसू शकते. ही गोळी थांबवा आणि आजच त्यांच्या डॉक्टरांना कळवा. सिरोसिसमध्ये सहसा आम्ही २ ग्रॅमच्या आत पॅरासिटामॉलच देतो, पण तुमच्या यजमानांची मात्रा त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावी.

मुलाला सिकलसेल आहे. वेदनेच्या वेळी गोळी देऊ की सहन करू देऊ?

सहन करायला लावू नका. विदर्भात हा आजार किती घरांत आहे आणि ती कळ काय असते, हे मी पाहतो. पॅरासिटामॉल वजनानुसार द्यायचे, बाकी गोळ्या किडनी तपासून. वारंवार रक्त चढत असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि फेरिटिन (अंगात साठलेले लोह) तपासा. बी ची लस झाली नसेल तर घ्या. पुढच्या वेदनेत काय आणि किती द्यायचे, ते नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांकडून आताच लिहून आणा.

तापात लहान मुलाला निमेसुलाइड?

नाही. १२ वर्षांखालील मुलांसाठी ते भारतात २०११ पासून बंद आहे.

पेनकिलरसोबत लिव्हर टॉनिक घेतले तर संरक्षण मिळते का?

नाही. पैसे वाचवा.

भावाने रागाच्या भरात पॅरासिटामॉलच्या वीस गोळ्या घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ठणठणीत होता म्हणून नेले नाही. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. घरचे काविळीची माळ घालू म्हणतात.

पत्र हाती येताच फोन केला. भाऊ आता भरती आहे. इतरांसाठी लिहितो. या विषबाधेत पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो, आणि आत लिव्हरच्या पेशी मरत असतात. एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन हा उतारा आहे. पहिल्या आठ तासांत दिला तर लिव्हर बहुधा वाचते. उशीर झाला तरी द्यायचाच असतो. असे काही घडले की उलटी करवत बसू नका. रिकामे पाकीट घ्या आणि थेट अपघात विभागात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि तो शुद्धीवर आला की मानसोपचारतज्ज्ञाची भेट झाल्याशिवाय त्याला घरी आणू नका.