ऑफसेट गेला कुठे?

प्रश्न : ताई, आम्ही तिघे मित्र सांगलीतून परदेशातल्या मुलांसाठी मराठीचे ऑनलाइन वर्ग चालवतो. ॲप मीच लिहिलंय, डेटाबेस पोस्टग्रेस. न्यू जर्सीच्या तुकडीचा वर्ग दर रविवारी, तिकडच्या सकाळी दहाला. नोंद घालताना वेळेला −०४:०० हा ऑफसेट (यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक) जोडतो, कॉलमही 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' आहे. वाचायला गेलं की मात्र तीच वेळ +०५:३० लावून परत येते. माझा ऑफसेट जातो कुठे? एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तो टिकतो, असं एक मित्र म्हणाला. तिकडे जावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जाऊ नका. निदान एवढ्यासाठी तरी नको.

'विथ टाइम झोन' हे कॉलमच्या प्रकाराचं नाव वाचून सगळेच फसतात. पोस्टग्रेस तिथे आठ बाइटमध्ये फक्त एक क्षण ठेवतो, तोही यूटीसीत. तुमचा −०४:०० वापरून तो दहाचे यूटीसी चौदा करतो आणि ऑफसेट टाकून देतो. वाचताना जो दिसतो तो तुमच्या सेशनचा, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीचा, टाइम झोन. सेशनला लंडन सांगा आणि तीच ओळ पुन्हा वाचा, आकडा बदललेला दिसेल. डेटा जागचा हललेला नसतो. खरं भय 'टाइमस्टॅम्प विदाउट टाइम झोन' या दुसऱ्या प्रकाराचं. तिथे वेळेला ऑफसेट जोडून दिलात तर पोस्टग्रेस त्याकडे काणाडोळा करतो, एररसुद्धा देत नाही.

तुमचा मित्र बोलला ते खरं आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ पासून 'डेटटाइमऑफसेट' आहे, तो क्षण आणि ऑफसेट दोन्ही सांभाळतो. ओरॅकल तर त्याच्या टाइम झोनवाल्या टाइमस्टॅम्पमध्ये प्रदेशाचं नावही ठेवू शकतो. मायएसक्यूएल ८.०.१९ पासून ऑफसेट लिहू देतो, पण जपत नाही. शिवाय त्याचा टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला संपतो.

आता समजा, तुम्ही डेटाबेस बदललात आणि ऑफसेट जसाच्या तसा टिकला. पुढे काय होतं बघा. २६ ऑक्टोबर २०२५ चा रविवार: न्यू जर्सीत दहा, सांगलीत संध्याकाळचे साडेसात. सगळं ठीक. पुढच्या रविवारी, २ नोव्हेंबरला, पहाटे अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली आणि तिकडचा ऑफसेट −०५:०० झाला. सत्राच्या सुरुवातीलाच सगळे रविवार −०४:०० लावून भरून ठेवले असतील, तर ॲप त्या दिवशी सकाळी नऊला वर्ग उघडणार. मुलं अंथरुणात, शिक्षक सांगलीत एकटे स्क्रीनसमोर. एवढं करून ऑफसेट मात्र सुखरूप!

त्या ठिकाणच्या नियमातून त्या एका तारखेला जो फरक निघतो, तेवढाच ऑफसेट सांगतो. नियम त्यात नसतो. आपल्याकडे बारा महिने +०५:३० असल्यामुळे हा फरक डोळ्यांवर येत नाही. आणि नियम सरकारं बदलतात, कधी कधी अगदी ऐन वेळी. मेक्सिकोने बहुतेक भागात २०२२ मध्ये उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची पद्धत) बंद केली. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळा देश +०५:०० वर आणला. पुढच्या वर्षीच्या भेटींपुढे जुना ऑफसेट लिहून ठेवणाऱ्यांनी तेव्हा काय केलं असेल, देव जाणे.

म्हणून होऊन गेलेल्या आणि ठरलेल्या, अशा दोन वेळा मी वेगळ्या ठेवते. मूल वर्गात कधी शिरलं, फी कधी जमा झाली, हे घडून गेलेलं आहे. तिथे तुमचा सध्याचा कॉलम उत्तम. त्या क्षणी मुलाच्या घड्याळात किती वाजले होते हेही हवं असेल, तर ऑफसेट वेगळ्या कॉलममध्ये मिनिटांत ठेवा. तासांत ठेवलात तर आपला अर्धा तास आणि नेपाळची पंचेचाळीस मिनिटं कुठे बसवणार?

वेळापत्रक मात्र ठरलेलं आहे. तिथे स्थानिक वेळ 'विदाउट टाइम झोन'मध्ये, आणि शेजारी मजकुराच्या कॉलममध्ये झोनचं पूर्ण नाव: अमेरिका/न्यू_यॉर्क. न्यू जर्सीलाही हेच नाव चालतं. स्मरणपत्रं पाठवायला यूटीसीचा तिसरा कॉलम हवाच असेल तर पोस्टग्रेसचं 'ॲट टाइम झोन' हे रूपांतर लावून काढा, पण त्याला हिशेबाचा कच्चा कागद समजा. टाइम झोनचा डेटा अद्ययावत झाला की पुढच्या तारखांसाठी तो पुन्हा काढायचा. 'सगळं यूटीसीत ठेवा' हा मंत्र ऑफिसांत डोळे मिटून म्हटला जातो. घडून गेलेल्या गोष्टींना तो पुरतो, पुढच्या रविवारला नाही.

झोनचं नाव लिहिताना 'आयएसटी' लिहू नका. पोस्टग्रेसच्या सतराव्या आवृत्तीपर्यंत तरी मूळ सेटिंगमध्ये ही अक्षरं इस्रायलची, म्हणजे +०२:०० समजली जातात. 'यूटीसी+५:३०' असं झोनचं नाव द्याल तर त्याहून गंमत. तिथे चिन्ह उलटं धरतात आणि तुम्ही थेट पश्चिम गोलार्धात पोहोचता. एशिया/कोलकाता लिहा आणि निवांत व्हा. (जुन्या पत्रिकांचं ॲप करणाऱ्यांनी मात्र निवांत होऊ नये. मुंबईत १९५५ पर्यंत भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' चालायची, आणि त्या नावाला मुंबईचा हा इतिहास ठाऊक नाही.)

एक गोष्ट मी ठरवू शकत नाही: वेळ कोणाच्या घड्याळाची? न्यू जर्सीच्या सकाळी दहाला धरलंत तर हिवाळ्यात तुमचे शिक्षक साडेआठला शिकवायला बसणार, म्हणजे घरात ताटं मांडायच्या वेळी. सांगलीचे साडेसात धरलेत तर पालकांना वर्षातून दोनदा वेळ बदलल्याचं कळवावं लागेल. त्यात लंडनची तुकडीही असेल तर अजून मजा, कारण २०२५ मध्ये तिथली घड्याळं अमेरिकेच्या एक आठवडा आधीच मागे गेली. शिक्षकांना विचारा, मग स्कीमा (टेबलांची रचना) लिहा.

प्रश्न : आमच्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काही रुग्णांची जन्मतारीख एक दिवस मागची दिसते. १५ ऑगस्ट घातली की १४ ऑगस्ट. सगळ्यांची नाही, नव्या स्क्रीनवरून भरलेल्यांचीच. डेटा खराब झालाय का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नव्या स्क्रीनने तारखेला मध्यरात्र चिकटवली आहे. आपल्याकडची १५ ऑगस्टची मध्यरात्र यूटीसीत १४ ऑगस्टचे साडेअठरा होतात. पुढे कोणीतरी त्यातली तारीख तेवढी कापून ठेवली की झाला एक दिवस गायब. जन्मतारखेला टाइम झोन लावायचाच नसतो. कॉलम साधा 'डेट' करा, आणि स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत ती वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरानेच जाऊ द्या.

बिघडलेल्या नोंदींत सरसकट एक दिवस वाढवू नका. एखादी जन्मतारीख खरोखरच १४ ऑगस्ट असेल. नवी स्क्रीन सुरू झाल्यानंतरच्या नोंदी वेगळ्या काढा आणि केसपेपरशी ताडून पाहा. हे काम हाती घेतलंच आहे तर रोजच्या जमेचा रिपोर्टही बघून घ्या. तो यूटीसीच्या दिवसाप्रमाणे बेरीज करत असेल, तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत आलेल्या रुग्णांचे पैसे आदल्या दिवसात जमा होत असणार.