पोलिसाने पोलिसाला थांबवलं तर?

पोलीस, त्यांची कोठडी आणि त्यांच्यावर देखरेख यांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. फौजदारी कायदा आणि पोलिसांचे सेवानियम रोज हाताळणाऱ्या मंडळींनी त्यांना उत्तरं दिली आहेत.

अमेरिकेतल्या कॅरिओल हॉर्न या कृष्णवर्णीय महिला पोलिसाची नोकरी सहकाऱ्याला अडवल्यामुळे गेली, असं ऐकलं. नेमकं काय झालं होतं? तिला न्याय मिळाला का?
— वाचिका, कोपरखैरणे

मिळाला, पण फार उशिरा. नोव्हेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एका अटकेच्या वेळी हातकड्या घातलेल्या कृष्णवर्णीय माणसाचा गळा एका गोऱ्या पोलिसाने आवळून धरला होता. हॉर्न यांनी मध्ये पडून त्याला सोडवलं. सहकाऱ्याने आपल्या तोंडावर ठोसा मारला, असं त्यांनी सांगितलं. पण खातेनिहाय चौकशीत प्रश्नच उलटा झाला. त्या माणसाचा गळा का आवळला हे बाजूला पडलं आणि हॉर्न यांनी सहकाऱ्याला धोक्यात घातलं का, याचीच तपासणी झाली. २००८ मध्ये त्यांना बडतर्फ केलं. नोकरीची १९ वर्षं झाली होती आणि पूर्ण निवृत्तिवेतनाला २० लागत होती.

तो सहकारी मात्र दलात राहिला आणि पुढे लेफ्टनंट झाला. २००९ मध्ये त्याने चार कृष्णवर्णीय मुलांवर बळाचा गैरवापर केला. त्या गुन्ह्याची कबुली दिल्यावर २०१८ मध्ये त्याला चार महिन्यांची कैद झाली. बडतर्फी चुकीची होती हे सांगायला याहून मोठा पुरावा कुठला हवा होता? तरीही ती आपोआप रद्द झाली नाही. हॉर्न वर्षानुवर्षं एकच मागणी लावून धरत राहिल्या: सहकाऱ्याचा अतिरेक थांबवणं हे पोलिसाचं कायदेशीर कर्तव्य ठरवा आणि थांबवणाऱ्याला संरक्षण द्या. २०२० मध्ये बफेलोच्या नगर परिषदेने तसा नियम केला. तो ‘कॅरिओल्स लॉ’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या आधारे एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि थकीत वेतन व निवृत्तिवेतनाचा हक्क त्यांना परत दिला.

हे कर्तव्य कागदावरचं नाही. मे २०२० मध्ये मिनीॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. तिथे हजर असलेल्या दोन पोलिसांना सहकाऱ्याला न थांबवल्याबद्दलही फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय न्यायालयात दोषी ठरवण्यात आलं.

माझी मुलगी नवी मुंबई पोलीस दलात शिपाई आहे. कोठडीत कुणाला मारहाण होताना दिसली तर तिने काय करावं? आपल्याकडे असा कायदा आहे का? तिचीच बदली होईल अशी भीती वाटते.
— वाचक, कळवा

भीती अगदी खरी आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

‘कॅरिओल्स लॉ’सारखा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, पण कर्तव्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ म्हणतं की दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी पोलिसाने शक्य तितका प्रयत्न केलाच पाहिजे. कबुली काढण्यासाठी मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा दखलपात्र गुन्हा आहे, आणि गंभीर दुखापत झाली तर दहा वर्षांपर्यंत. मारणारा गणवेशात असला म्हणून यात फरक पडत नाही. ‘साहेबांनी सांगितलं होतं’ हा बचावही चालत नाही, कारण बेकायदा हुकूम पाळायला शिपाई बांधील नसतो.

त्या क्षणी मुलीने सहकाऱ्याला नावाने आणि मोठ्याने थांबवावं. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांत चित्राबरोबर आवाजही टिपणारे कॅमेरे लावायला सांगितलं आहे, त्यामुळे तिचं बोलणं हाच पुढे तिचा पुरावा होतो. मग त्या माणसाला ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी, चारचौघांत आणावं आणि मेडिकलला पाठवण्याची मागणी करावी.

खरी लढाई पुढच्या काही तासांत असते. ड्युटी संपण्याआधी स्टेशन डायरीला नोंद व्हायला हवी. त्यात फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं: वेळ, जागा, कोण, कशाने, किती वेळ. ‘क्रूरपणे’, ‘हेतुपुरस्सर’ हे शब्द नकोत, उलटतपासणीत त्यांवरच बोट ठेवलं जातं. नोंदीचा क्रमांक स्वतःच्या डायरीत उतरवून घ्यावा. नोंद घेऊ दिली नाही, तर त्याच दिवशी वरिष्ठ निरीक्षकांना लेखी अहवाल आणि त्याची प्रत सहायक पोलीस आयुक्तांना द्यावी. दोन्हींवर आवक क्रमांकाची पोच घ्यावी. पोच नाकारली तर स्पीड पोस्ट करून पावती जपावी. पुढची पायरी ऑर्डरली रूमची, म्हणजे कर्मचाऱ्याचं म्हणणं वरिष्ठ समोर ऐकतात त्या हजेरीची. तिथे वरिष्ठांसमोर जाण्याचा अर्जही लेखीच हवा.

बहुतेक प्रकरणं कुठे फसतात तर उशिरात. शिपाई गप्प बसतो, महिनाभराने त्याच्यावरच कसुरी रिपोर्ट (कामात कसूर केल्याचा अहवाल) निघतो आणि मग तो मारहाणीविषयी लिहितो. तोवर ते लिहिणं बचावासाठी रचलेलं वाटतं. दुसरी चूक म्हणजे मोबाइलवर चित्रण करून बाहेर पाठवणं. त्यात वर्तणूक नियमांचा भंग होतो आणि मूळ मारहाण मागे पडून मुलीचीच चौकशी सुरू होते.

आता बदलीविषयी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-न प्रमाणे शिपायाचा एका जागचा सर्वसाधारण कार्यकाळ पाच वर्षांचा असतो. मुदतीआधी बदली करायची तर सक्षम अधिकाऱ्याला कारण दाखवावं लागतं. सूडाची बदली वाटली तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जाता येतं. मुदत एक वर्षाची आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. कार्यमुक्त होण्याआधी गेलात तर स्थगितीला अर्थ असतो, एकदा नव्या जागी हजर झाल्यावर ती मिळणं कठीण.

पोलिसांनी भावाला रात्री उचललं, मारलं आणि सकाळी नोंद न करता सोडून दिलं. तक्रार कुठे करायची?
— वाचक, दिवा

आधी डॉक्टर, मग तक्रार. त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा आणि मार कुणी, कधी, कशाने दिला ते केसपेपरवर लिहायला सांगा. प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग आणि ती किती जुनी आहे हे प्रमाणपत्रात यायलाच हवं. ‘अंगदुखी’ एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र पुढे कवडीमोलाचं ठरतं. घरी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, आणि दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण मुका मार उशिरा काळानिळा पडतो.

दुसरं काम कॅमेऱ्याच्या चित्रणाचं. सर्वोच्च न्यायालयाच्या वर सांगितलेल्या आदेशानुसार चित्रण १८ महिने जपायचं आहे, तशी यंत्रणा मिळत नसेल तिथेही एक वर्षापेक्षा कमी नाही. मुख्य दार, कोठडी, वऱ्हांडे, निरीक्षकांची खोली या सगळ्या जागा त्यात येतात. पण ‘सीसीटीव्ही फुटेज द्या’ एवढ्याच अर्जाचं काही होत नाही. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि कुठला कॅमेरा हे लिहा, आणि ते पुसलं जाऊ नये अशी वेगळी मागणी करा. हा अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पोच घेऊन द्या. शिवाय माहिती अधिकारात तेच मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. माणूस अजून कोठडीत असेल तर जीवित व स्वातंत्र्याचा मुद्दा स्पष्ट लिहा, तिथे उत्तराची मुदत ४८ तासांची आहे.

तक्रारीसाठी स्वतंत्र जागा म्हणजे पोलीस तक्रार प्राधिकरण. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर अशी प्राधिकरणं नेमायला सांगितलं. बफेलोतल्या त्या घटनेच्या थोडंच आधी. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत जिल्ह्याऐवजी विभागाची पातळी ठेवली, हे आम्हाला मुळीच पटलेलं नाही. ठाणे आणि नवी मुंबई कोकण विभागात मोडतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, प्रक्रिया न पाळता अटक किंवा स्थानबद्धता, खंडणी, भ्रष्टाचार हे विषय तिथे चालतात. तुमच्या भावाचा मुद्दा ‘प्रक्रियेविना स्थानबद्धता’ म्हणून मांडा, मारहाण त्याच्या जोडीला येईल.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जाता येतं. तोच अर्ज राष्ट्रीय आयोगालाही धाडू नका, कारण एका आयोगाकडे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची चौकशी राष्ट्रीय आयोग करत नाही. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर आधी उपायुक्तांना लेखी कळवा आणि मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला.

मला पोलीस शिपाई भरतीला बसायचं आहे. मुलींसाठी अटी काय?
— वाचिका, खारघर

बारावी उत्तीर्ण आणि उंची १५५ सेंटिमीटर. मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर धावणे २०, १०० मीटर १५, गोळाफेक १५, गोळा ४ किलोचा. मैदानीत किमान निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखीचा विचार होत नाही. मुली धावण्यावर मेहनत घेतात आणि गोळ्याकडे दुर्लक्ष करतात, तिथले गुण अक्षरशः वाया जातात. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. अवश्य या. कोठडीच्या दाराशी उभं राहून नाही म्हणणाऱ्या बायकांची दलाला गरज आहे.

पोलिसांनी आईला साक्षीसाठी संध्याकाळी ठाण्यात बोलावलं आहे. जायलाच हवं का?
— वाचक, ऐरोली

नाही. साक्षीदार म्हणून महिलेला तिच्या राहत्या घराखेरीज कुठेही हजर राहायला लावता येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९). अटकेची वेळ आली तरी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. फोनवरच्या बोलावण्याला नम्रपणे उत्तर द्या: लेखी नोटीस पाठवा, आई घरी जबाब देईल. नोटीस आली की नोटिशीवरचा गुन्हा क्रमांक आणि बोलावणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा तपासा.