उंच किकसाठी लवचिकता कशी वाढवावी?

नियमित स्ट्रेचिंग करूनही किक कमरेच्या वर जात नसेल, तर काय करावे, असा आपला प्रश्न आहे. बहुतेक जण अशा वेळी मांडीच्या मागचे स्नायूच ताणत बसतात. परंतु जमिनीवर बसून दोन्ही पाय सहज फाकवता येणाऱ्या व्यक्तीचीही किक अनेकदा छातीपर्यंत पोहोचत नाही, कारण जमिनीच्या आधाराने स्नायू ताणणे वेगळे आणि स्वतःच्या बळावर पाय उचलून धरणे वेगळे. म्हणून भिंतीला एका हाताने आधार घेऊन गुडघा छातीकडे उचलावा, पाय सावकाश सरळ करावा, पाच सेकंद तसाच धरावा आणि तितक्याच सावकाश खाली आणावा. चौथ्या-पाचव्या वेळीच मांडी थरथरू लागली, तर उणीव बळाची आहे असे समजावे.

सरावापूर्वी शरीर गरम करून पाय पुढे-मागे व बाजूला झुलवावेत. एकाच स्थितीत ३० सेकंद थांबण्याचे स्ट्रेचिंग सरावानंतर करावे.

राउंडहाउस किक (शरीर वळवून बाजूने गोलाकार मारायची किक) मारताना उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे वळली नाही, तर खुब्याचा सांधा अडतो आणि स्नायू कितीही मोकळे असले तरी पाय वर जात नाही. ही चूक तंत्राची आहे, आणि ती सर्रास आढळते. सांध्याची ठेवणही प्रत्येकाची निराळी असते. त्यामुळे ताणाऐवजी जांघेत खोलवर चिमटल्यासारखे दुखू लागले, तर जोर न लावता तेथेच थांबावे.